पाठीवर दार घेतलेला माणूस

त्या दिवशी मंगळवार होता. ९ मे २०२३. ठिकाण, सांगलीतलं विश्रामबाग. दुसऱ्या मजल्यावरची एक भाड्याची खोली. वेळ, दुपारी पावणेचार.

अशा गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं आधी लक्षात घ्यावं. बाहेर लख्ख ऊन होतं. पंखा चालू होता. खाली कलिंगडवाला ओरडत होता.

यात तिखटमीठ लावलेलं नाही. संयोगिताने वेळा वहीत लिहून ठेवल्या होत्या, त्या तशाच इथे घेतल्या आहेत. फक्त गेमचं नाव दिलेलं नाही. तशी तिची अट होती.

संयोगिता तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करायची. सकाळी साडेसात ते दुपारी दीड. मग खोली. खोलीत ती एकटीच.

तिचा मोठा भाऊ वीरधवल शिरवळला नोकरीला होता. तोही एकटाच राहायचा. शिफ्ट संपली की खोलीवर यायचा, लॅपटॉप उघडायचा आणि तीच एक गेम खेळत बसायचा.

गेममध्ये एक माणूस होता. त्याच्या पाठीवर एक लाकडी दार. ते दार घेऊन तो डोंगर चढतो, पूल ओलांडतो, पडक्या घरांमधून जातो. दार कुणाचं, तो कुठे निघालाय, काही कळत नाही. गेम ते सांगतच नाही.

"संयू, ह्याच्या पाठीवर दार कुणाचं हाय, सांग बघू," तो फोनवर विचारायचा.

"तुझ्या होणाऱ्या सासऱ्याचं."

"तरीच एवढं जड हाय गड्या."

मग अर्धा-अर्धा तास तो गेमबद्दलच बोलायचा. बोलायला दुसरं माणूस नव्हतं त्याला.

त्याआधी दोन महिने, शनिवारी, ११ मार्चला, दुपारी ३ वाजून ४२ मिनिटांनी त्याचा फोन आला.

संयोगिता आडवी पडली होती. झोपलेली नव्हती. तिने स्क्रीनवर 'दादा' हे नाव पाहिलं. आता पुन्हा ते दार, असं तिच्या मनात आलं.

तिने फोन वाजू दिला.

पूर्ण वाजून तो थांबला.

रविवारी तिच्या लक्षात राहिलं नाही. सोमवारी वीरधवल कामावर आला नाही म्हणून सोबतचे लोक खोलीवर गेले. आतून कडी होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. शनिवारी संध्याकाळच्या सुमाराला.

त्या फोनबद्दल तिने कुणालाच सांगितलं नाही.

इस्लामपूरजवळच्या त्यांच्या गावी, कृष्णेच्या काठावर दहावा झाला. पिंड ठेवले. सगळे मागे सरकले. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली येईना.

अर्धा तास झाला.

नानासो, तिचे चुलते, हात जोडून म्हणाले, "वीरू, तुझ्या आयला अंतर देणार न्हाई."

कावळा आला नाही.

"तुझी गाडी कुणाला इकणार न्हाई रं."

नाही आला.

कुणी काही, कुणी काही कबूल करत राहिलं. ऊन वाढलं. संयोगिता बायकांच्यात मागे उभी होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं की हे आता संपावं. ती मनातल्या मनात म्हणाली...

दादा, तुझी गेम मी पुरी करीन.

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

"म्या गाडीचं म्हणलं आन् आला का न्हाई?" नानासो घरी जाईपर्यंत ज्याला त्याला सांगत होते.



त्या रात्री आईजवळ बसून तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, कावळ्यापुढं कुणी मनातल्या मनात काय म्हणलं, तर ते धरत्यात का गं?"

आई, मंगल, भाकरी मोडत होती. तिने मान वर केली नाही.

"मनातला झाला तरी शबुदच की. माणसाला फसवशील. त्येला कसं फसवशील?"

शिरवळच्या खोलीतलं सामान एका पोत्यात आणि एका बॅगेत आलं होतं. कपडे, डबा, कामावरचे जाड बूट. आणि लॅपटॉप. तो तिने विश्रामबागला आणला. १७ एप्रिलला पहिल्यांदा गेम उघडली.

वीरधवल शेवटच्या टप्प्यावर येऊन थांबला होता. शेवटची नोंद होती ११ मार्च, ३ वाजून ४४ मिनिटं.

इथे गेम कशी चालते ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

एक बटण दाबलं की गेममधली वेळ मागे जाते. माणूस पुन्हा सुरुवातीला येतो. पण मघाशी तुम्ही जे काही केलं, ते सगळं एक राखाडी सावली पुन्हा करून दाखवते. तुमचीच सावली. ती एका बाजूला काम करते, तुम्ही दुसऱ्या बाजूला. दोघांनी मिळून वाट काढायची. सावली एकच राहते, गेम बंद करून पुन्हा उघडली तरी तीच. बटण पुन्हा दाबलं की जुनी पुसली जाते आणि नवी तयार होते.

शेवटच्या टप्प्यात दगडाची एक लादी होती. तिच्यावर कुणीतरी उभं राहिलं तरच वरची लोखंडी फाटकं उघडी राहायची. मग पाठीवरचं दार घेऊन माथ्यापर्यंत चढायचं. तिथे एक रिकामी चौकट होती. त्या चौकटीत दार बसवायचं. संपलं.

संयोगिताने सुरुवात केली, आणि डावीकडून एक राखाडी सावली चालत आली.

ती तिची नव्हती. तिने ते बटण अजून दाबलंच नव्हतं.

ती वीरधवलची होती. त्या शनिवारी दुपारी तो जसा खेळला होता, तशीच.

सावली लादीवर जाऊन उभी राहिली. मग नुसतीच उभी राहिली. हलेना, काही करेना. बऱ्याच वेळाने ती उतरली, एक पाऊल मागे गेली आणि नाहीशी झाली. नोंद तिथे संपत होती.

संयोगिताने फोनवर वेळ लावून मोजलं. एक्केचाळीस सेकंद.

हा थांबला का, असा विचार करताना तिला ते कळलं.

त्याने हात काढून घेतले होते. ३ वाजून ४२ मिनिटांनी तिला फोन लावला होता. तिचा फोन वाजत होता तेवढा वेळ ती सावली तिथे उभी होती.

त्या दिवशी ती पुढे खेळली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र रोज दुपारी खेळू लागली. माथ्यापर्यंत जायला चव्वेचाळीस सेकंद लागायचे. कितीही सफाईने खेळलं तरी चव्वेचाळीस. सावली एक्केचाळिसाव्या सेकंदाला उतरायची आणि शेवटचं फाटक तोंडावर बंद व्हायचं.

तीन सेकंद कमी पडत होते.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधली सबा तिची एकुलती एक मैत्रीण. सबाने ही गेम कधीच संपवली होती.

"अगं, सोपं आहे," सबा म्हणाली. "बटण दाब. त्याची सावली जाईल, तुझी येईल. तिला दोन मिनिटं उभी कर. झालं."

"त्याची जाईल ना पण."

सबा तिच्याकडे बघत राहिली. "संयोगिता, ती नोंद आहे. आपल्या लॅबमधल्या फाइलसारखी. त्यात कोणी नसतं."

"माहितीय मला."

घरी जाऊन संयोगिताने त्या बटणावर चिकटपट्टी लावली. चुकूनसुद्धा दाबलं जाऊ नये म्हणून. तिने शब्द दिला होता खरा. पण तो त्यालाच पुसून पाळायचा, हे काही तिच्याने होईना.

वहीत रोज एकच आकडा पडत होता. ४१. ४१. ४१.

२ मे रोजी...

४२.

आपलंच बोट चुकलं असेल, असं तिला वाटलं. पुन्हा खेळली. ४२.

तिने मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि सकाळी सबाला दाखवलं. सबाने स्वतः मोजलं. दोनदा.

"लॅपटॉप तापला असेल," ती म्हणाली. "मे महिना आहे. तापला की मंद चालतो."

"मग माझा माणूस का नाही मंद झाला?"

सबाने फोन तिच्या हातात दिला. "तू जेवतेस का नीट?" एवढंच म्हणाली.

५ मेला ४३.

शनिवार-रविवारही ४३. सोमवारीही ४३.

आणि ९ मे.

खालची घरमालकीण लेकीकडे गेली होती. जिन्यात कुणी नव्हतं. संयोगिताने कानात हेडफोन घातले आणि सुरुवात केली.

सावली डावीकडून आली.

आणि पहिल्यांदाच... पावलांचा आवाज आला.

त्या गेममध्ये सावलीला आवाज नाही. पाठीवर दार असलेला माणूस चालला की दार करकरतं, बस. आणि तिचा माणूस तर अजून जागचा हललाही नव्हता. तरी जड बुटांचा आवाज येत होता. एक पाय किंचित ओढत चालल्यासारखा. दमून आलेला माणूस चालतो तसा.

सावली लादीवर उभी राहिली. आवाज थांबला.

संयोगिता चढू लागली. पहिलं फाटक. दुसरं. पूल. चाळीस... एक्केचाळीस... तिने वेळेकडे पाहायचं सोडलं. शेवटचं फाटक समोर होतं.

उघडं.

ती आत गेली. चौकट एका पावलावर होती. दार बसवलं की संपणार होतं.

ती थांबली.

खाली लादीवर सावली उभीच होती.

एक मिनिट झालं. दोन झाली. पाच झाली. गेममधलं संगीत केव्हाच थांबलं होतं. पंखा फिरत होता, पण हेडफोनमुळे त्याचा आवाज येत नव्हता. कसलाच आवाज येत नव्हता.

एवढा वेळ दादा आपल्याजवळ नुसता थांबलाय, असं शेवटचं कधी झालं होतं, ते तिला आठवेना.

वहीत नोंद आहे... दहा मिनिटं.

मग ती बोलली. रिकाम्या खोलीत, मोठ्याने.

"दादा, मी जागी होते त्या दिवशी. झोपले नव्हते. फोन दिसत होता मला. मी उचलला नाही."

सावलीने मान वळवली.

गेममधल्या माणसाला मान वळवताच येत नाही. तो पूर्ण डावीकडे वळतो, नाहीतर पूर्ण उजवीकडे. ही मान वळली. हळू. आणि सावली वर, चौकटीच्या दिशेने बघत राहिली.

संयोगिता म्हणते, तिला भीती वाटली नाही. तेव्हा नाही. तिला वाटलं, त्याने ऐकलं. तो जा म्हणतोय. गेम पुरी कर म्हणतोय. शब्द तोच होता ना.

तिने दार चौकटीत बसवलं.

माणूस दारातून आत गेला. दार मागे लागलं. स्क्रीन पांढरी झाली.

इथे गेम संपते. ज्यांनी ज्यांनी ती पुरी केली, त्यांची इथेच संपली आहे. पांढऱ्या पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं येतात.

नावं आली नाहीत.

पडदा पांढराच राहिला. आणि हेडफोनमध्ये, दूरवर, बुटांचा आवाज सुरू झाला. लादीवरून उतरल्याचा. मग पहिल्या चढाचा. मग पुलावरच्या फळ्यांचा. तोच, एक पाय ओढत.

आवाज जवळ आला... थांबला...

आणि दारावर थाप पडली.

जोरात नाही. घरात कुणी झोपलं असेल, अशा बेताने मारलेली.

संयोगिताने सगळी बटणं दाबून पाहिली. पडदा पांढराच. दार उघडायची सोय गेममध्ये नव्हती. बाणांची बटणं चालेनात, काहीच चालेना.

पुन्हा थाप पडली.

एक बटण राहिलं होतं. चिकटपट्टीखालचं. ते दाबलं असतं तर वेळ मागे गेली असती. ती पुन्हा दाराच्या बाहेर, त्याच्या बाजूला असती. आणि तो पुसला गेला असता.

तिचं बोट त्या पट्टीवर होतं. चिकटपट्टीची कड तिने सोलली होती.

ती तशीच बसून राहिली.

थापा पडत राहिल्या. अधूनमधून. मग दोन थापांमधलं अंतर वाढलं. मग...

मग काहीच नाही.

नावं वर सरकू लागली तेव्हा चार वाजून सतरा मिनिटं झाली होती. हीही वेळ वहीत आहे. अक्षर मात्र तिचं वाटत नाही, इतकं वाकडं आहे.

दुसऱ्या दिवशी सबा खोलीवर आली. तिने गेम उघडली, सगळे टप्पे तपासले. सगळे पूर्ण. वीरधवलची सावली गेली होती.

"तू बटण दाबलंस शेवटी," सबा म्हणाली.

संयोगिताने पट्टी दाखवली. कड सोललेली होती. बाकीची जागच्या जागी.

सबाने पट्टीवरून बोट फिरवलं. मग उठून तिने चहा ठेवला.

गावी मंगलला एवढंच सांगितलं की शब्द पाळला. मंगल म्हणाली, "ब्येस झालं. सुटला माझा लेक."

संयोगिताने हो म्हटलं. आईला दुसरं काय सांगणार?

पण सुटला असेल, तर तो दारापर्यंत चढून का आला? आणि वर चौकटीकडे बघत होता तेव्हा तो 'जा' म्हणत होता, की 'थांब'?

हे तिने सबाला विचारलं नाही. सबा पुन्हा म्हणाली असती, त्यात कोणी नसतं.

ती अजून त्याच खोलीत राहते. लॅपटॉप कपाटात आहे. कधीचा चार्ज केलेला नाही. कॉलेज दीडला सुटतं, दोनला ती घरी येते, जेवते, आडवी होते.

दुपारी खोलीच्या दाराला ती आतून कडी लावत नाही.

घरमालकीण दोनदा रागावली. एकटी बाई, दिवस कसले आहेत, वगैरे. संयोगिता ऐकून घेते.

दार नुसतं लोटलेलं असतं.