पाच बाहुल्यांचा दवाखाना

"मला फक्त एक नाव हवंय," तो म्हणाला आणि पुन्हा उठायचंच नसल्यासारखा खुर्चीत बसला.

ताईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. पेला तसाच राहिला.

ताई खासगी तपासाची कामं करीत. कोपऱ्यातल्या स्टुलावरचे काका त्यांचे मदतनीस. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर घरी सुनेच्या पायात पायात येण्यापेक्षा इथे येऊन बसत. डोकं संथ, मन लोण्याचं. समोरच्या माणसाचे डोळे पाहिले आणि त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

पाहुणा वेष्टनं रेखाटणारा चित्रकार होता. साबण, बिस्किटं, मुलांचा खाऊ, कशाकशाची खोकी त्याच्या हातची. त्याची पाच वर्षांची चिऊ बारा दिवसांपूर्वी गेली होती.

"माझ्या आईच्या हृदयाच्या गोळ्या तिच्या पोटात सापडल्या. पाचेक. आईचं कपाट कुलपात असतं, किल्ली उंच खिळ्याला. चिऊचा हात तिथं पोचणं शक्यच नाही. म्हणजे कुणीतरी दिल्या."

"कुणी?"

"दिवसा घरात मोठी माणसं दोनच. आई, आणि चिऊला सांभाळणारी मावशी. पोर दुपारी झोपावी म्हणून मावशीनंच दिल्या, असं पोलीस म्हणतात. उद्या तिला अटक करतील. बायको म्हणते, तीच. तसं म्हणून माहेरी निघून गेलीय. आई म्हणते, मावशी तसली नाही. मी काय म्हणू?"

"नाव हवंय, की खरं काय घडलं ते हवंय?"

"एकच ना ते?"

"बहुतेक वेळा," ताई म्हणाल्या.

चित्रकाराचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. आजी खिडकीशी बसल्या होत्या, पण बाहेर बघत नव्हत्या.

"चिऊ गेली त्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्या गोळ्यांची एक स्ट्रिप नाहीशी झाली होती," त्या म्हणाल्या. "अख्खी, दहाची. मी कुणाला बोलले नाही. म्हातारपणी काही हरवलं की दोष आपल्याच अंगावर घ्यायचा असतो."

"कपाट कोण कोण उघडतं?"

"मावशी, मला गोळी द्यायला. आणि माझा मुलगा. औषधं तोच आणतो, तोच लावतो. माझ्यानं कुठलं कुलूप निघतंय?" त्यांनी हात पुढे केले. वाऱ्यावरच्या पानासारखे ते थरथरत होते. "गोळीसुद्धा मावशीच काढून देते. तीही दातानं फाडून! कात्री हाताशी असली तरी दातच. किती ओरडले मी तिला."

मावशीला घरात यायची बंदी होती. ती जिन्याच्या पायरीवर भेटली.

"झोपवायला औषध कशाला हो? पाठीवर दोनदा थोपटलं की पोर गुडूप व्हायची."

"खेळायची काय?"

"दवाखाना! दुसरं काही नाहीच. साहेबांच्या बॅगेत नमुन्याचा खाऊ असतो ना, हुबेहूब औषधासारखा? संध्याकाळी बॅग आली की हिची धाड. बॅगेतला खाऊ तिचा, असा बापलेकीचा करारच होता. मग सगळ्यांना एकेक वाटायची. मी चावून खाल्ली तर डाफरायची. 'मावशी, वाचता येत नाही का? चावायची नाही! पाण्याबरोबर घ्यायची!' मी म्हणायची, चुकलं हो डॉक्टरीणबाई."

ती हसायला गेली आणि मध्येच थांबली.

"त्या दिवशी?" ताईंनी हळूच विचारलं.

"मी कपडे वाळत घालत होते. ती आली. म्हणाली, मावशी, माझ्या पोटात कसंतरी होतंय, चक्कर येतेय. रोज म्हणायची हो ती तसं, खेळात! मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं..." तिने पदराचा बोळा तोंडात धरला. "म्हटलं, मग घे की एक गोळी."

काकांनी कठडा घट्ट धरला. देवा, हे ऐकायला कशाला ठेवलंस, असं त्यांच्या मनात आलं.

चिऊच्या खोलीचं दार चित्रकारानं उघडलं, पण तो आत आला नाही. भिंतीशी पाच बाहुल्या ओळीनं निजलेल्या. प्रत्येकीवर हातरुमालाचं पांघरूण, डोक्याखाली कापसाची उशी. शेजारी पत्र्याचा डबा, आणि त्यात तीस-चाळीस चंदेरी स्ट्रिप, बऱ्याचशा रिकाम्या.

"पोलिसांनी पाहिलं हे?"

"डबा उघडला, खाऊ आहे म्हणून बंद केला," दारातून आवाज आला.

काकांनी चष्मा पुसून खाऊवरचा मजकूर वाचला. 'दिवसातून तीनदा. न चावता पाण्याबरोबर गिळा. हसू लगेच येईल.'

ताईंनी पहिल्या बाहुलीची उशी उचलली. खाली एक गुलाबी गोळी. दुसरीच्या खाली एक. पाचही जणींना औषध मिळालं होतं. काकांनी एक उचलून जिभेला लावली.

"गोड. खाऊच आहे, ताई."

"थांबा."

"अहो, गोडच आहे, माझी जीभ काय..."

"काका, थांबा जरा."

काकांचा चेहरा आक्रसला. त्यांनी घाईनं रुमालात थुंकलं. जिभेवर कडू जहर पसरलं होतं.

"वरून साखरेचा लेप असतो," ते पुटपुटले. "चाळीस वर्षं पोरांना अशाच दिल्या मी. पेपरमिंट आहे, असं सांगून."

ताई तोवर डब्यातल्या स्ट्रिप एकेक करून उलटत होत्या. एक रिकामी स्ट्रिप त्यांनी वेगळी काढली. तिचा एक कोपरा नव्हता. रेघ मारून कापावा तसा सरळ गेला होता. काही न बोलता त्यांनी ती लिफाफ्यात ठेवली.

पलीकडच्या खोलीत चित्रकाराचं टेबल होतं. ब्लेड, पोलादी पट्टी, रंगांचे तुकडे, आणि एक जाडजूड वही. काका ती चाळू लागले. पानापानांवर कोपरे चिकटवलेले होते. साबणाच्या कागदाचे, पाकिटांचे, डब्यांवरच्या लेबलांचे.

"जे नजरेत भरतं त्याचा कोपरा कापून ठेवतो," तो म्हणाला. "जुनी खोड."

एका पानावर चंदेरी-गुलाबी तुकडा होता. खाली लिहिलेलं, 'हीच चमक हवी'. काकांना तो सुंदर वाटला. त्यांनी पान उलटलं.

"औषधासारखा खाऊ, ही कल्पना कुणाची?" ताईंनी विचारलं.

"खाऊच्या कंपनीच्या मालकांची. ते म्हणाले, ओळखूच येता कामा नये. न चावता गिळा वगैरे मजकूर माझा. पोरांना मोठ्यांसारखं करायला आवडतं ना. चिऊवरच करून पाहिलं आधी. इतकं आवडलं तिला!"

दिवसभरात तो पहिल्यांदा हसला. काकांना ते हसू बघवेना.

ताईंनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं. मावशीलाही बोलावलं. ती उंबऱ्यावरच उभी राहिली.

"गोळ्या मावशीनं दिल्या नाहीत," ताईंनी सुरुवात केली. "एका स्ट्रिपमध्ये दहा. त्यातल्या पाच बाहुल्यांच्या उशांखाली आहेत. पोराला झोपवायला निघालेलं मोठं माणूस बाहुल्यांना औषध वाटत बसत नाही. चिऊनंच वाटल्या. आधी रोग्यांना, मग उरलेल्या स्वतःला."

"पण कडू नाही लागल्या पोरीला?" आजींनी विचारलं.

"वर साखर आहे, काकांनासुद्धा क्षणभर फसवलं तिनं. चावल्या असत्या तर थुंकून टाकल्या असत्या. पण तिला न चावता गिळायला शिकवलं होतं. आणि पोर गुणाची होती, आजी. सांगितलेलं ऐकायची."

"कपाट तर बंद होतं!" चित्रकार ओरडला. "ती स्ट्रिप तिच्या हातात कुणी दिली? नाव सांगा!"

ताईंनी लिफाफा उघडला. "मावशी दातानं फाडते. आजींचे हात कापतात. हा काप मात्र पट्टी धरून ब्लेडनं घेतलेला आहे." त्यांनी ती वही मागून घेतली, ते पान उघडलं आणि स्ट्रिप कोपऱ्याशी लावली.

केसभरही फट राहिली नाही.

काकांना आठवलं, हे पान आपण आवडीनं पाहून उलटलं होतं.

"रंग जुळवायला कचेरीत नेली होती मी," चित्रकार स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला. "औषधं लावताना कपाटातून घेतली. काम झालं. तिथल्या टेबलावर नमुन्यांचा ढीग होता. घरी येताना सगळा ढीग बॅगेत..."

बॅगेतला खाऊ कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आजी भिंतीला धरून उठल्या. "ताई, माझं नाव लिहा. गोळ्या माझ्याच ना? मी आज आहे, उद्या नाही."

"आई, नको."

त्यानं फोन उचलला. मालकांना म्हणाला, थांबवा, नवा माल थांबवा. सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज शांत होता, काकांना सहज ऐकू आला. "तुमचं दुःख समजतो मी. पण गाड्या सकाळीच निघाल्या. आणि खोक्यावर छापलंय ना आपण, मोठ्यांच्या देखरेखीखाली द्यावे."

त्यानं वही आणि स्ट्रिप काखेला मारली आणि चपला न घालता जिना उतरू लागला. पोलीस चौकी दोन गल्ल्या पलीकडे होती. काका त्याच्या चपला उचलून दारापर्यंत गेले आणि तशाच हातात धरून उभे राहिले.

"मावशी," ताई म्हणाल्या, "उद्या तुम्हाला कुणी न्यायला येणार नाही. सुटलात तुम्ही."

मावशीनं ऐकलं. पण ती उंबऱ्यावरून हलली नाही, आत आली नाही की बाहेर गेली नाही.

"ताई," तिनं विचारलं, "म्हणजे त्या वेळी ती खेळत नव्हती ना?"