अर्धी सुटलेली गाठ

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. जिथे मला खात्री नाही, तिथे मी तसं स्पष्ट लिहिलंय.

घडली माझ्या जुरेमा मावशीच्या घरी. मिनास प्रांतातल्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यांमधल्या गावात. नाताळनंतर बारा दिवसांनी येणाऱ्या तीन राजांच्या सणाला.

आणि रात्री नव्हे... भर दुपारी.

मावशीची मुलगी लिंदाल्वा पाळण्यात असताना तापाने फणफणली होती. तेव्हा तिचा बाप ओनोफ्रे नवस बोलला. पोर जगली तर सात वर्षं मुखवटा घालून, सोंगाड्या होऊन, राजांच्या निशाणाबरोबर दारोदार नाचेन.

पोर जगली.

सातव्या वर्षी घरातल्या नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीसमोर गुडघे टेकायचे. मुखवट्याची गाठ आपल्याच हाताने सोडायची. मगच नवस फिटतो.

ओनोफ्रे सहा वर्षं नाचला. डावा पाय अधू, टाच फरफटायची. ठप... ठप... खर्रर्र. अख्खं गाव ती चाल ओळखायचं.

सातवं वर्ष यायच्या आधीच तो छातीत कळ येऊन गेला.

धाकटा दीर वाल्दिविनो मावशीकडे आला. "वहिनी, दादाचा मुखवटा दे. उरलेलं वर्ष मी नाचतो."

"तुला नाचायचंय की घरोघरची फुकटची दारू ढोसायचीय?"

"दोन्ही. पण नवस अर्धा ठेवू नये गं. पोरीच्या जिवाचा आहे."

"माझा माणूस गेला. आता राजांचं कसलं देणं?"

तिने मुखवटा पेटीत घातला आणि कुलूप लावलं. बकऱ्याच्या कातड्याचा, गाईच्या शेपटीच्या केसांची दाढी लावलेला.

सणाच्या दुपारी मंडळी चढण चढून आली. ढोलकी, गिटार, पुढे फितींचं निशाण. मावशीचा कुत्रा पिंगादू सोंगाड्यांवर दरवर्षी जीव खाऊन भुंकायचा. याही वर्षी भुंकला.

आणि मध्येच गप्प झाला...

मावशीने खिडकीतून पाहिलं. तो पेरूच्या झाडाकडे बघून शेपूट हलवत होता.

झाडाखाली एक सोंगाड्या उभा होता. अंगणात दोघे नाचत होते. हा तिसरा.

त्या दोघांतला वाल्दिविनो आपला मुखवटा काढून दाराशी आला. मावशीने विचारलं, "यंदा तिघे कसे रे?"

"तिघे? वहिनी, मी अजून एक घोटही घेतला नाही. तू कधी घेतलास?"

तिने पुन्हा पाहिलं. झाडाखाली कुणी नव्हतं.

मंडळी आत आली. गव्हाणीसमोर गायली, कोंबडी-भात जेवली, मक्याचा केक बांधून घेऊन पुढच्या घरी निघाली. ढोलकी उतारावरून खाली गेली. मग ऐकूही येईना.

तेव्हा घरामागून आवाज आला...

ठप... ठप... खर्रर्र.

आवाज भिंतीला धरून पुढे आला. उंबऱ्याशी थांबला.

उघड्या दारात तो गुडघ्यांवर बसला होता. तोंड गव्हाणीकडे. दोन्ही हात डोक्यामागे... बोटं गाठ चाचपत होती.

लिंदाल्वा हसली. "आई, बाबा!"

ती दाराकडे धावली.

मावशीने तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि धाडकन दार लावून घेतलं. मुखवट्याखाली काय निघेल, हे तिला बघवणार नव्हतं. पोरीला तर ती बघूच देणार नव्हती.

बाहेर हुंदका ऐकू आला, असं ती म्हणते. याची मला खात्री नाही.

पेटीची मात्र आहे. कारण वाल्दिविनोला परत बोलावून त्याच्या देखत ती उघडली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत मुखवटा घामाने ओलाचिंब... आणि गाठ अर्धी सुटलेली.

वाल्दिविनो एवढंच म्हणाला, "वहिनी, तो फेडायलाच आला होता गं."

त्यानंतर दर सणाला मावशी पहाटेपासून दार सताड उघडं ठेवते. कुणी येत नाही. गाठीला हात लावायची कुणाची छाती नाही. ती सोडायचा हक्क त्याचाच.

आणि दर सणाला लिंदाल्वाला ताप भरतो. एकच दिवस. मी स्वतः थर्मामीटर लावून पाहिलंय. रक्त तपासून घेतलं, मलेरिया बघितला, डॉक्टर बदलले. काही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला असतो.

यंदा तो नाताळच्या आधीच चढला. अजून उतरलेला नाही.

मी हे तिच्या उशाशी बसून लिहितेय. मावशीने दार उघडून ठेवलंय, उंबऱ्यावर मुखवटा ठेवलाय. लिंदाल्वाचे डोळे मिटलेले आहेत, पण तिची बोटं पलंगाच्या लाकडावर वाजतायत.

ठप... ठप...

मग एक नख, हळूच, फरफटत.