दोरा नसलेली वाटी

"श्रीनिधी आणि नागवेणी उद्याच्या पाणबुडीने कारवारच्या समुद्रशाळेत जातील," भिंतीतून आवाज आला आणि जुई तांडेलच्या हातातला घास हातातच राहिला.

देवगडच्या किनाऱ्यापासून लांब, समुद्राच्या तळाशी 'शिंपला' नावाची निवासी शाळा होती. तिथे बारा मुलं शिकायची. त्यांची काळजी घ्यायचा सोबती नावाचा संगणक. मुलांच्या मनगटावरचे पट्टे कोण कोणाशी बोललं एवढंच टिपून सोबतीला कळवायचे. काय बोललं, ते नाही. आत्ताची घोषणा त्याचीच होती.

"पण का?" जुई ओरडलीच. श्रीनिधी तिचा जिवलग मित्र. तो समोर बसला होता, तोंड पांढरंफटक पडलेलं.

"घरची भाषा वेगळी असली की मुलं एकमेकांशी फार कमी बोलतात," सोबती म्हणाला. "तुम्हा दहा जणांच्या घरी मराठी, या दोघांच्या घरी कन्नड. मी समाश्रयण (एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते, हे आकड्यांवरून काढायची रीत) करून पाहिलं. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता हजारात एकसुद्धा नाही. आपल्या भाषेच्या मुलांत ती दोघं आनंदात राहतील."

हजारात एकसुद्धा नाही! श्रीनिधी तर दिवसभर तिच्याशी बडबडत असतो. ताट तसंच टाकून ती फरीदाआपांच्या खोलीकडे धावली. डॉ. फरीदा मुकादम म्हणजे शिंपल्यातल्या गणितज्ञ. मुलं त्यांना आपा म्हणायची.

"आपा, सोबतीचे आकडे खोटे आहेत!"

"आकडे खरेच असतील," सगळं ऐकून घेऊन आपा म्हणाल्या. "प्रश्न असा आहे, की त्याने साक्षीदार किती धरले?"

"बारा. बारा मुलं आहेत ना."

"मुलं नाही गं, जोड्या. बोलायला दोघं लागतात. बारा मुलांच्या सहासष्ट जोड्या होतात. सोबतीने त्या सहासष्ट वेगवेगळ्या साक्षी मानल्या. आता सांग, एका मुलाचं नाव किती जोड्यांत येतं?"

जुईने मनात मोजलं. "अकरा."

"ते मूल गप्प झालं तर?"

"अकराच्या अकरा जोड्या गप्प!" जुईचे डोळे विस्फारले. "म्हणजे एकच साक्षीदार वेष बदलून अकरा वेळा आला?"

"शाबास. चल, स्वयंपाकघरातून वाट्या आण."

आपांनी प्रत्येक वाटीच्या तळाला एकेका मुलाचं नाव चिकटवलं आणि वाट्या टेबलावर मांडल्या. सोबतीच्या नोंदींप्रमाणे जी मुलं एकमेकांशी बोलतात, त्यांच्या वाट्यांमध्ये दोरा. बघता बघता टेबलावर दोऱ्यांचं दाट जाळं झालं. मग त्यांनी बारा चिठ्ठ्या केल्या. दहांवर 'म', दोनांवर 'क'.

"आता दोऱ्यांना हात लावायचा नाही. चिठ्ठ्या मात्र पिसायच्या आणि कुठल्याही वाटीत टाकायच्या. ही झाली खोटी भाषा. सोबती, प्रत्येक वेळी नव्याने समाश्रयण कर."

जुईने चिठ्ठ्या टाकल्या. "परिणाम नाही," सोबती म्हणाला. तिने पुन्हा पिसल्या. परिणाम नाही. आणखी काही वेळा तेच झालं. मग एक 'क' कोपऱ्यातल्या वाटीत पडला.

सोबतीने लगेच सांगितलं, "भाषेचा परिणाम दिसतो. अगदी खऱ्याइतकाच."

"पण ही भाषा खोटी आहे!" जुई म्हणाली.

"असंच हजारो वेळा कर," आपांनी सोबतीला सांगितलं.

उत्तर यायला क्षणही लागला नाही. "साधारण सहा वेळांत एकदा तेवढाच परिणाम येतो," सोबती चाचरत म्हणाला. "मी तर हजारात एकसुद्धा नाही म्हणालो होतो."

"फासा टाकला आणि सहा पडले, इतकी साधी गोष्ट!" आपा म्हणाल्या. "आपण केलं त्याला क्रमबदल चाचणी (जाळं तसंच ठेवून चिठ्ठ्या पिसायच्या आणि पुन्हा पुन्हा मोजायचं) म्हणतात."

"म्हणजे भाषेचा काही संबंध नाही?"

"तसंही म्हणता येणार नाही. एवढ्या पुराव्यावर भाषेला दोषी धरता येत नाही, इतकंच."

जुई मात्र कोपऱ्यातल्या वाटीकडे बघत होती. तिला एकही दोरा नव्हता. 'क' तिच्यात पडला, तेव्हाच भाषा दोषी ठरली होती. जुईने वाटी उलटी केली. तळाला नाव होतं नागवेणी.

"आपा, ही श्रीनिधीशीसुद्धा बोलत नाही! त्यांची भाषा तर एकच आहे."

आता आपाही चमकल्या. दोघी तशाच निघाल्या. नागवेणी काचेच्या खिडकीशी पाठमोरी उभी राहून मासे बघत होती.

"नागवेणी!" जुईने हाक मारली. ती वळली नाही. जुई जवळ जाऊन मोठ्याने ओरडली. तरी नाही. शेवटी तिने खांद्यावर हात ठेवला, तेव्हा नागवेणी दचकून वळली आणि जुईच्या ओठांकडे टक लावून बघू लागली.

रोज जेवायला ती हिच्या शेजारी बसत होती. हिला फार गर्व आहे, असं सगळ्यांना सांगतही होती. आणि हिला काही ऐकूच येत नव्हतं!

शाळेच्या डॉक्टरांनी तिचे कान तपासले. खोल समुद्रातल्या दाबामुळे नागवेणीच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलं होतं. औषधाने बरं होण्यासारखं होतं.

"सांगितलं असतं तर मला वर पाठवलं असतं," नागवेणी रडत म्हणाली. "मला इथेच शिकायचं आहे."

सोबतीने घोषणा मागे घेतली. "माझं चुकलं. यापुढे मी आधी चिठ्ठ्या पिसून बघेन."

"आणि त्याच्याही आधी," आपा म्हणाल्या, "गप्प कोण आहे त्याला जाऊन विचार."

औषध सुरू झालं, आणि एका दुपारी जेवताना नागवेणी एकदम ताठ बसली.

"हा घर्रर्र आवाज कसला?"

"हवेचा पंप," जुई म्हणाली. "आपण आलो तेव्हापासून चालूच आहे."

नागवेणीचे डोळे मोठे झाले. तिने टेबलावरच्या कलकलाटाकडे पाहिलं आणि श्रीनिधीला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. त्याला इतकं हसू आलं की ठसकाच लागला.

"काय म्हणाली? सांग ना!" जुईने त्याला हलवलं. त्याला बोलता येईना. मग ती ताट उचलून नागवेणीच्या समोर जाऊन बसली.

"तूच शिकव मला," ती म्हणाली. "आत्तापासून."