चंद्रावरचा घेवडा आणि बारा हजार फाइली

शर्वाणीचं पत्र नऊ दिवस त्र्यंबकआजोबांच्या टेबलावर उत्तराविना पडून होतं. शर्वाणी दहा वर्षांची, चंद्रतळावर राहणारी. आजोबा पुण्यातले निवृत्त संगणकशास्त्रज्ञ. तिनं लिहिलं होतं :

"आजोबा, मी घेवड्याच्या वेलांची दर तासाला नोंद केली. बारा हजार छोट्या फाइली झाल्या. त्या पृथ्वीवरच्या सर्व्हरवर (सगळ्यांच्या फाइली सांभाळणाऱ्या संगणकावर) ठेवायच्या आहेत. बाबांचा भला मोठा सिनेमा दहा मिनिटांत तिकडे पोचतो. माझ्या इवल्याशा फाइली मात्र रांगतात, आणि मला संगणक रोज दुपारी एकच तास मिळतो. असं का? सव्वीस तारखेला संध्याकाळी पाचला इथला जुना संगणक पुसून टाकणार आहेत."

आज सव्वीस तारीख. सकाळचे दहा वाजून गेलेले. आजोबांच्या खोलीभर येरझाऱ्या चालल्या होत्या.

"टिकली, लिही," ते घरातल्या यंत्रमानवाला म्हणाले. "'प्रत्येक नव्या फाइलीसाठी तुझा संगणक सर्व्हरला चार गोष्टी विचारतो.' बरोबर आहे ना?"

"बरोबर."

"'हे नाव मोकळं आहे का? फाइल उघडू का? मजकूर मिळाला का? नीट ठेवलास का?' चुकलं नाही ना?"

"नाही."

"पोरीला कळेल ना? की खोडू?"

"आजोबा, एकोणतीस कागद टरकावलेत! एक वाक्य सांगता आणि माझ्या 'हो'साठी खोळंबता. अख्खं पत्र एकदम सांगा, मी एकदाच 'हो' म्हणते."

आजोबा थबकले. त्यांचे कान लाल झाले.

"अगं, तिचा संगणकही असाच खोळंबतोय की! लिही. आता मी थांबणार नाही.

"शर्वाणी, चंद्रावरून प्रश्न येऊन उत्तर परत पोचायला अडीच सेकंद जातात. याला विलंब म्हणतात. फाइलीमागे चार फेऱ्या, म्हणजे दहा सेकंद. बारा हजार फाइलींना तेहतीस तासांहून जास्त! तेही बहुतेक नुसते वाट पाहण्यात. सिनेमा मोठा, पण फाइल एकच. तिची विचारपूस एकदाच. म्हणून तुझ्या सगळ्या फाइली तिथेच एका गाठोड्यात (अनेक फाइली पोटात घेणाऱ्या एका फाइलीत) बांध आणि गाठोडंच पाठव. ते इथे सर्व्हरच्या आतच सोडू. तिथे विचारपूस क्षणात होते. पुढे मंगळावर घेवडा लावशील, तेव्हा एकेका उत्तराला कित्येक मिनिटं लागतील. गाठोडं विसरू नकोस. उशीर माझा झाला. घाई कर, बाळ."

"एकदा वाचून दाखवू?" टिकलीनं विचारलं.

आजोबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि स्वतःच पाठवायचं बटण दाबलं. घड्याळात दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती. पत्र निघालं.