गोष्टीत न आलेलं नाव

त्याची-माझी गाठ पडली ती माझ्या भरलेल्या फोनमुळं. बिदरला विभा मॅडमच्या इंग्रजीच्या वर्गात पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, प्रत्येकानं फोनवर आपली गोष्ट करायची. इंग्रजीत लिहायची, आपल्याच आवाजात वाचायची, सोबत आपलेच फोटो लावायचे. माझ्या फोनमध्ये जागाच न्हाई. मी रडकुंडीला आले, तसा शेजारच्या बाकावरून फोन धरलेला एक हात पुढं आला.

"घ्या. ह्यात कुणाचेच फोटो न्हाईत."

मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं... करजगी गावचा होता, बिदरजवळच्याच कोळारच्या गोदामात कामाला. माझं गाव निर्णा.

पण लिहायला बसलं की माझा हात जड व्हायचा. गोष्ट मायची होती, आणि माय मागच्या दिवाळीआधी गेली. तिचा एक फोटो होता, आवाज कुठंच नव्हता. शेवटी मी वर्ग सोडते म्हणाले. त्यानं समजूत घातली न्हाई. रेकॉर्डिंग लावून फोन माझ्यापुढं धरला.

"आधी आपल्या बोलीत सांग. लिहायचं मग बघू."

मी सांगत गेले. माय तूर निवडता निवडता चंद्री म्हशीशी बोलायची. शेजारच्या शरणम्माशी कन्नडातून भांडायची आणि मराठीतून गोड व्हायची. अप्पाचं नाव तिनं जन्मात घेतलं न्हाई. "अवो, ऐकायलाव का," एवढंच. रेशन दुकानात कुणी तिच्या मालकाचं, म्हणजे अप्पाचं, नाव विचारलं की सांगायला शरणम्माला पुढं करायची. ह्यावर तो हसला, आणि मी पण – माय गेल्यावर पहिल्यांदा. मग ऐकून ऐकून एकेक वाक्य मी इंग्रजीत लिहीत गेले. तो चोरून बघायचा, मी बघितलं की फोनमध्ये तोंड घालायचा. माझं काळीज तिथंच अडकलं, कशाला लपवू?

शेवटच्या दिवशी मॅडमनी सगळ्यांच्या गोष्टी भिंतीवर दाखवल्या. त्याची हैदराबादला बदली झाली होती. आज बोलला तर बोलला, न्हाईतर गेलाच, असं मला वाटायलं होतं. माझी गोष्ट लागली. माय आली, शरणम्मा आली, चंद्री आली. शेवटी एकच वाक्य, 'त्यानं फोन धरला, म्हणून मी लिहिलं.' टाळ्या वाजल्या. तो मात्र उठून बाहेर गेला.

मी मागं गेले, तर पायरीवर चपला घालत होता.

"म्हशीचं सुद्धा नाव घेतलंस," तो खाली बघतच म्हणाला. "माझं न्हाई. कामून?"

मी दारातूनच म्हणाले,

"मायनं पण... अप्पाचं कधी घेतलं न्हाई."

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तसे डोळे भरले, चप्पल हातातच राहिली.

"जायच्या आधी निर्ण्याला येतो," तो म्हणाला. "अप्पाला भेटायला."

आला. घर विचारत आला, तेव्हा शरणम्मानंच त्याला नाव-गाव विचारून आमच्या दारात आणलं. अप्पानं त्याला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं मला, "कोण हाय हे? नाव काय ह्याचं?"

मी मान खाली घातली, आणि शरणम्माला पुढं केलं.

तिनं नाव सांगितलं, पण अप्पाचं तिकडं ध्यानच नव्हतं. ते भिंतीवरच्या मायच्या फोटोकडं बघत राहिले. मग डोळे पुसून म्हणाले, "च्या ठेव, पोरी."