दुपारी हरवणारं चार्जिंग

चढ अर्धा झाला आणि टेंपो थांबला. आवाज नाही, धूर नाही. विजेवर चालणारी गाडी बंद पडताना काही सांगत नाही, फक्त पुढं जायचं सोडते.

क्रांतीमावशीनं ब्रेक ओढला आणि उतरून चाकामागं दगड लावला. मागं दुधाच्या कॅनांना टेकून बसलेल्या तिच्या भाचीनं, राजनंदिनीनंही उडी मारली. मे महिन्यातल्या रविवारचं उतरतं ऊन अजून चटके देत होतं. डोंगराकडच्या वस्त्यांवरून गोळा केलेलं दूध वेळेत डेअरीत पोचून गार झालं नाही, तर नासणार होतं.

"आज परत बंद," मावशी एवढंच म्हणाली.

शेवटी गावातल्या धनाजीचा डिझेलचा टेंपो मागून आला आणि त्यातून कॅन खाली गेले. डेअरीवर पोचेपर्यंत काही कॅनांतलं दूध वास मारू लागलं होतं. मॅनेजर जयराजसाहेब दारातच उभे होते. वस्त्यांचं दूध विजेच्या तीन टेंपोंतून आणायची योजना त्यांनीच आखली होती. सकाळची फेरी झाली की दुपारभर चार्जिंग, मग संध्याकाळची फेरी. तिन्ही गाड्या बायका चालवत, आणि बंद पडायची ती फक्त मावशीची गाडी.

"बाकी दोघींना काही अडचण नाही, मग तुमच्याच गाडीला का? दुपारी गाडी बाहेर काढून भाजी वाहता, असं लोक बोलतात."

"आवं साहेब, गाडी दुपारभर डेअरीच्या शेडात चार्जिंगला असती, तरी काटा अर्ध्यावरच. दूध नासंल म्हणून तशीच काढावी लागती. केरबातात्यांना इचारा की."

केरबातात्या शेडचे राखणदार. गाडी शेडातच होती, असं ते म्हणाले. पण दुपारी जेवायला आपण घरी जातो, हेही त्यांनी सांगून टाकलं. साहेबांना तेवढं पुरलं. पुढच्या सोमवारपासून ही फेरी धनाजीला द्यायची, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता मावशी फोनवर चाकणच्या एका मैत्रिणीशी बोलत होती. तिथल्या कंपनीत काम मिळेल का, चौघींच्या खोलीत पाचवीची सोय होईल का, अशी चौकशी चालली होती. राजनंदिनी दारात बसून ऐकत होती. आई गेल्यापासून ती साताऱ्याच्या वसतिगृहात राहायची. बाबा फौजेत, त्यांची चौकी अशा ठिकाणी की फोन लागला तर लागला. सुट्टीत वसतिगृहाला कुलूप लागायचं, तेव्हा सगळ्या मुली घरी जायच्या आणि ती मावशीकडं यायची. पाच बायकांच्या खोलीत सहावी मुलगी मावणार नव्हती, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मावशीनं फोन ठेवून विचारलं, भाकरी वाढू का. ती हो म्हणाली.

सकाळी ती शेडच्या भिंतीवर जाऊन बसली. पलीकडं गोमटेश आधीच बसला होता. शेडला लागून त्याच्या घरची द्राक्षबाग होती. त्याची थोरली बहीण कीर्ती सुट्टीच्या क्लासला सांगलीत होती, त्यामुळं त्यालाही बोलायला कुणी नव्हतं. तरी इतक्या दिवसांत तो हिच्याशी एकदाच बोलला होता, आणि तेही "ए सातारकर, बाजूला हो" एवढंच.

आज तिनंच त्याला सगळं सांगितलं. दुपारी कुणीतरी चार्जिंग बंद करतं, असा तिला संशय होता.

"सोपं हाय," गोमटेश म्हणाला. "फेरी गेली तर फायदा कुणाचा? धनाजीकाकाचा."

"माझं पप्पा चोर हायत व्हय रं?"

भिंतीआड साक्षी उभी होती, धनाजीची मुलगी. साक्षीनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. ती राजनंदिनीला म्हणाली, "तुमी नजर ठेवणार असाल तर मीबी येणार. माझं पप्पा न्हाईत, हे मला बघायचंय."

दुसऱ्या दिवसापासून द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटमागं तिघं दडून बसू लागली. पहिली दुपार नुसती गेली. दुसरीही. केरबातात्या यायचे, भिंतीवरच्या तिन्ही चार्जिंगच्या पेट्यांवर ओलं गोणपाट टाकायचे आणि जेवायला जायचे. कुणी फिरकलं नाही, आणि त्या दोन्ही संध्याकाळी मावशीची गाडी न थांबता चढ चढून आली. चोर आपल्याला भ्याला, असं गोमटेशचं म्हणणं पडलं. क्रेटमागं तिघं खेटून बसली असली, तरी साक्षी त्या दोघांपासून लांबच होती. राजनंदिनीला ते ओळखू येत होतं. वसतिगृहात शेजारी शेजारी खाटा असूनही असं लांब राहता येतं.

तिसऱ्या दुपारी धनाजी आला.

तो सरळ शेडात शिरला आणि मावशीच्या गाडीपाशी उभा राहिला. साक्षीनं राजनंदिनीचं मनगट घट्ट धरलं. धनाजीनं इकडंतिकडं पाहिलं, कोपऱ्यातल्या माठातून तांब्याभर पाणी पिऊन घेतलं, तोंड पुसलं आणि निघून गेला. कशालाही हात लावला नाही. साक्षीची पकड सुटली. गोमटेश हळूच म्हणाला, "चुकलं माझं." ती म्हणाली, "व्हय, चुकलंच."

तेवढ्यात शेडातला पंखा मंदावला. अगदी थांबतो की काय असं वाटलं, आणि मग पुन्हा फिरू लागला. त्याच वेळी गोणपाटाखालून खट् खट् आवाज आला. आणि चहूबाजूंनी, उसातून, बागेतून, विहिरींवरून, मोटरींचा एकच घोंघाट उठला. शेजारच्या पाटात पाणी कोसळायला लागलं.

राजनंदिनीनं धावत जाऊन गोणपाट उचललं. तिन्ही पेट्यांवर लाल दिवा होता.

"आज बेस्तरवार न्हवं का," गोमटेश म्हणाला. "शेतीची लाईट सोमवार ते बुधवार रातीला असती, आजपास्नं रविवारपातूर दिवसाची पाळी. आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू हुत्यात."

"सगळे एकाच वेळी बटण दाबायला जातात?"

"कोण जातंय! ऑटो स्विच बसवलेत. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. न्हाईतर पाळी हुकली तर पीक वाळायचं."

राजनंदिनीनं ते एकेक करून मनात जुळवलं. मोटरी एकदम सुरू होतात, विजेचा दाब घसरतो, पेट्या स्वतःला वाचवायला बंद पडतात. दाब लगेच सावरतो, पण पेटी आपणहून सुरू होत नाही. आणि वर गोणपाट असल्यामुळं लाल दिवा कुणाला दिसत नाही. तिनं हिरवं बटण दाबून पाहिलं. दिवा हिरवा झाला.

"सुटलं की," गोमटेश म्हणाला.

"नाही सुटलं. आज गाडी नीट चालेल, आणि सोमवारी फेरी जाईलच. साहेबांनी स्वतः बघायला हवं."

तिघं धावत साहेबांकडं गेली. साहेबांनी अर्धंच ऐकलं. डेअरीच्या शेडची लाईन गावाची आहे, शेतीची नाही, तेव्हा मोटरींचा संबंध येतोच कुठं, असं म्हणून त्यांनी मुलांना खेळायला पाठवलं. बाहेर आल्यावर साक्षी बराच वेळ चप्पल जमिनीवर घासत राहिली. मग म्हणाली, "मोठी माणसं आपलं ऐकत न्हाईत. एकमेकाचं ऐकत्यात."

घरी जाऊन तिनं पप्पांना निरोप दिला, की फेरी ताब्यात घेण्याआधी साहेबांनी उद्या दुपारी शेडवर बोलावलंय. आणि साहेबांना निरोप दिला, की फेरी घेण्याआधी पप्पांना उद्या दुपारी शेडवरच बोलायचंय.

शुक्रवारी दोघं आले. शेडात बसले. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"बोला, धनाजीराव."

"आवं, तुमी बोला. तुमीच बोलावलंय न्हवं?"

"मी? तुम्हालाच काही बोलायचं होतं ना?"

क्रेटमागं गोमटेशनं तोंडात सदऱ्याची बाही कोंबली. साहेब घड्याळ बघून उठले. साक्षी पुढं झाली आणि पप्पांनी चहा सांगितलाय असं बिनदिक्कत सांगून तिनं त्यांना पुन्हा बसवलं. चहा काही आला नाही. पंखा मंदावला. खट् खट्. रानात मोटरी घोंघावल्या.

राजनंदिनीनं गोणपाट ओढून खाली टाकलं. तीन लाल दिवे.

तिनं सावकाश, एकही शब्द न गाळता सांगितलं. साहेब पेटीजवळ गेले, वाकून बघत राहिले. "पण लाईन तर वेगळी आहे," ते पुटपुटले.

"तारा वेगळ्या, पर सबस्टेशन एकच की, साहेब," धनाजी म्हणाला. "शेतीची लाईट आली की आमच्या घरातला टीव्हीबी बंद पडतोय. माझ्याबी मोटरीला ऑटोच हाय. गावात कुणाच्या न्हाई?"

गोणपाट का टाकता, असं साहेबांनी जेवून परतलेल्या केरबातात्यांना विचारलं. "उन्हानं तापत्यात वो पेट्या," तात्या म्हणाले. "म्हशीच्या पाठीवर टाकतोच की आपण."

"मग बाकीच्या दोन गाड्या का नाही थांबल्या?" साहेबांचा एवढाच प्रश्न उरला होता.

"त्यांच्या फेऱ्या सपाटीवरच्या आणि जवळच्या," राजनंदिनी म्हणाली. "अर्ध्या चार्जिंगवरही त्या परत येतात. मावशीची फेरी लांबची आणि चढाची. तुम्ही तिघींना सारखंच चार्जिंग दिलंत, रस्ते सारखे नव्हते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. दुपारची वेळ आपण सांगलीच्या ऑफिसात बसून ठरवली, शेतीची लाईट कधी येते हे कुणालाच विचारलं नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सांगलीहून माणूस आला. बंद पडलेली पेटी थोडं थांबून आपणहून सुरू व्हावी, अशी सोय त्यानं करून दिली. पेट्यांवर पत्र्याची पडवी निघाली. मावशीची गाडी सगळ्यांत आधी चार्जिंगला लावायची, आणि ती पूर्ण भरली आहे हे बघूनच फेरीला सोडायची, असं ठरलं.

संध्याकाळी दूध घालायला आलेल्या माणसांसमोर साहेबांनी मावशीची माफी मागितली. तिघा मुलांना पुढं बोलावून म्हणाले, "मी नकाशा बघितला, या पोरांनी गाव बघितलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोमटेशच्या आईनं, गुणमालाकाकूंनी, त्याला जवळ ओढलं. धनाजीनं साक्षीला टेंपोत आपल्या शेजारी बसवलं आणि हॉर्न वाजवत नेलं. साक्षीनं खिडकीतून हात हलवला, "उद्या ये गं!"

राजनंदिनीनं बाबांना फोन लावून पाहिला. लागला नाही. पुन्हा लावला. मग तिनं फोन खिशात ठेवला आणि मावशीला हातभार लावायला नळावर गेली. दोघी खाली बसून रिकामे कॅन घासू लागल्या. मावशीचा फोन ओट्यावर वाजला, चाकणची मैत्रीण होती. मावशीनं ओले हात पदराला पुसले, फोन घेतला आणि येत नाही म्हणून सांगितलं. एवढंच सांगून ठेवून दिला.

मग दुसरा कॅन ओढत तिनं विचारलं, "दिवाळीची सुट्टी कवा लागतीया तुला?"

राजनंदिनीनं सांगितलं.

"मी गाडी घिऊन स्टँडवर येती," मावशी म्हणाली. "बसनं उतरलीस की तिथंच थांब."