मागच्या खोलीचं माप

“त्या पोराला कुणीतरी जाणूनबुजून फसवलं. कोणी, ते मला विचारू नका. ज्यानं केलं त्याला ठाऊक आहे, आणि तो अजून सुखानं झोपतोय.”

एवढं बोलून काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

रात्रीचे साडेदहा झाले होते. पार्सलची शेवटची गाडी यायची होती, आणि आम्ही तिघं गोदामाबाहेर उलट्या क्रेटवर बसलो होतो. चष्मिसनं नुकतंच जाहीर केलं होतं, की पुढच्या महिन्यापासून ती घरं विकणाऱ्या एका ऑफिसात लागणार आणि जम बसेपर्यंत पार्सलंही टाकणार. ढोल्यानं तिला ‘शेठाणी’ म्हणून चिडवायला सुरुवात केली होती. मी मात्र भाषण ठोकत होतो. प्रामाणिक माणसांनीच या धंद्यात उतरायला हवं, त्याशिवाय तो सुधारणार कसा, वगैरे.

काका आमच्या गेटवर रात्रपाळीला. त्याआधी तीस वर्षं ते दस्तलेखक होते. घरांची खरेदीखतं, करारनामे लिहायचे. माझं भाषण त्यांनी ऐकून घेतलं आणि मग ते वरचं वाक्य टाकलं. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका.

*

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा माझ्या चांगल्या ओळखीचा. उंच, किडकिडीत. सगळे त्याला फूटपट्टी म्हणायचे. उंचीमुळे आणि दुसऱ्याही एका कारणामुळे. बाकीचे एजंट छापील पत्रकात असेल ते माप गिऱ्हाइकाला सांगायचे. हा स्वतः टेप लावून मोजायचा. “काका, लोक जन्मभराची कमाई ओततात. निदान फूट तरी खरे सांगूया,” असं म्हणायचा. तुझ्यासारखाच होता, भाषणवाला.

धंद्यात नवा. घर विकलं तरच पैसे, नाहीतर हात हलवत घरी. म्हणून सकाळी पार्सलं, दुपारी एका डॉक्टरांच्या आईला व्यायामासाठी दवाखान्यात ने-आण, संध्याकाळी पुन्हा ॲप चालू. ॲप बंद केलं की तो एजंट. घर दाखवायला जायचा तेही हेल्मेट काखेत मारून. बायकोनं सांगून टाकलं होतं, “मार्चपर्यंत बघ. नाहीतर माझ्या दादाच्या कारखान्यात लाग.” आठ महिन्यांत एकही घर विकलं गेलं नव्हतं.

मग नर्सबाई आल्या. निवृत्त झालेल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला. जिने नकोत म्हणून राहतं घर विकून तळमजला शोधत होत्या. फूटपट्टीच्या साहेबांकडे तळमजल्याचं एक जुनं घर बरेच दिवस पडून होतं. बाईंना ते आवडलं. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला.

“मागच्या खोलीत यांचा पलंग ठेवला, तर शेजारी व्हीलचेअर वळेल का? पत्रकात बारा फूट लिहिलंय. तू मोजलंयस?”

फूटपट्टी तेव्हा भर रस्त्यात होता. मागे सतरा पार्सलं, ॲप सारखं कोकलतंय. तो म्हणाला, “हो बाई. मोजलंय. बारा.”

मोजलं नव्हतं.

आठ महिन्यांतलं ते पहिलं खोटं. आणि नेमकं त्याच घराबद्दल.

अठरा जानेवारी, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाई चेक देणार होत्या. करारनामा मी लिहून तयार ठेवला होता. रात्री शेवटचं पार्सल टाकून फूटपट्टी घरी निघाला, पण बाईंचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. चावी खिशातच होती. बायकोला फोन केला, “पंधरा मिनिटांत येतो.” अकरा वाजून दहा मिनिटांनी तो त्या घरात शिरला.

वीज तोडलेली. मोबाइलचा टॉर्च लावला आणि सरळ मागच्या खोलीत गेला. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप टाकला.

नऊ फूट.

पुन्हा टाकला. नऊच.

त्याला पहिला संशय साहेबांचा आला. तीन फूट सरळ खाल्ले! मग वाटलं, साहेबांनाही घरमालकानं शेंडी लावली असेल. मग तो बाहेर गेला आणि मागच्या बोळातून घराची लांबी मोजली. भिंतींची जाडी वजा केली. हिशोब चोख बसला. बाहेरून खोली बाराचीच होती.

हसू नकोस, ढोल्या. नीट ऐक. बाहेरून बारा, आतून नऊ. मधले तीन फूट कुठं गेले?

तो परत आत आला. भिंतीवर थाप मारली. भरीव आवाज. दुसरीकडे मारली. तिथंही भरीव. म्हटलं, आता शेवटचं मोजतो आणि जातो.

आता एक गोष्ट समजून घ्या. टेपनं मोजायला दोन माणसं लागतात. एक जण पलीकडचं टोक भिंतीला दाबतो आणि ओरडतो, “धरलंय!” मग दुसरा ओढून आकडा वाचतो. एकट्यानं मोजायचं म्हणजे वैताग. पट्टी पुढं सरकवत न्यायची, पाच-सहा फुटांवर ती मान टाकते, खाली पडते, की पुन्हा पहिल्यापासून.

फूटपट्टी दारात उकिडवा बसला. मोबाइल उंबऱ्यावर ठेवला. पट्टी पुढं सरकवायला लागला.

पाच फूट. सहा.

पट्टी पडली नाही.

सात. आठ.

सरळच. ताठ.

त्याला बरंच वाटलं हो! या खेपेला जमलं म्हणून. डबी चौकटीला टेकवली आणि खाली वाकून आकडा वाचला.

बारा.

डोळे चोळले. पुन्हा वाचला. बारा.

त्यानं पट्टी मागं ओढली. आली नाही. जोरात ओढली. तरी नाही. कशात अडकली की हिसका बसतो, तसं नव्हतं. माणूस धरून ठेवतो ना... तसं. जरा सैल, पुन्हा घट्ट.

तेवढ्यात टॉर्च गेला. दिवसभर ॲप चालवलेला फोन तो, किती टिकणार?

काळोख झाला.

मला त्यानं शपथेवर सांगितलं, “काका, भीती नाही वाटली. राग आला. वाटलं, कोणीतरी आत लपलंय. साहेबांनी माणूस बसवलाय, मला घाबरवायला.” म्हणून तो उठला. डबीची कळ दाबून पट्टी पक्की केली, डबी तिथंच ठेवली. वाकून, एक हात पट्टीवरून सरकवत, पावलाला पाऊल लावत तो निघाला. दुसरा हात समोर, भिंतीसाठी.

एक. दोन. तीन.

सात. आठ.

नऊ.

भिंत लागली नाही.

हात पूर्ण ताणला... काहीच नाही. गार हवा. ओल्या चुन्याचा वास.

दहा.

पट्टी हाताखाली थरथरत होती.

अकरा...

आणि समोरून, हातभर अंतरावरून... दमलेल्या आवाजात... दिवसभर काम करून कंटाळलेला माणूस बोलतो तसं...

“धरलंय.”

...

तो बाहेर कसा आला, ते त्यालाही सांगता येत नाही. रस्त्यावर आल्यावर कळलं, की एक चप्पल आतच राहिली. टेपही. दाराला कुलूप मात्र घातलं होतं. हातानं सवयीनं घातलं असणार. गाडी ढकलत घरी गेला. गाडीची किल्ली भोकात जाईना.

रात्रभर तो जागा. आता काय करायचं? गप्प बसला तर पहिली विक्री पदरात. बोलला तर मेव्हण्याचा कारखाना ठरलेला. आणि बोलणार तरी काय?

सकाळी सातला तो नर्सबाईंच्या दारात उभा.

“बाई, खोली नऊ फुटांची आहे. मी मोजलं नव्हतं. खोटं बोललो.”

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “हे सांगायला एका पायात चप्पल नि दुसऱ्यात बूट घालून आलास?” मग म्हणाल्या, “आवाज कोणाचा ऐकलास?”

त्यानं आवाजाबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. पण बाईंची चाळीस वर्षं रात्रपाळीत गेलेली. त्यांना घाबरलेलं माणूस कळतं.

त्यानं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, “दहाला येते. मला बघू दे.”

दहाला मीही तिथं होतो, कागद घेऊन. त्यामुळं पुढचं ऐकीव नाही.

साहेबांनी कुलूप उघडलं. चप्पल खोलीच्या मधोमध पडलेली. डबी दाराजवळ. तिथून पट्टी जमिनीवरून हातभर उंच, सरळ समोर गेलेली... आणि भिंतीत शिरलेली. मी वाकून पाहिलं. ना भोक, ना चीर, ना ताजं सिमेंट. रंगसुद्धा सलग. पिठात सुरी खुपसावी तशी पट्टी आत गेलेली. दारापासून भिंतीपर्यंतची पट्टी दिसत होती, नऊ फूट. डबीवरचा आकडा बारा.

साहेब उखडलेच. “हा काय चावटपणा आहे? कोणाचे पैसे खाल्लेस रे? सौदा मोडायला किती मिळाले?”

“साहेब, मी कशाला माझाच सौदा...”

“मग बारा फुटांचं पत्रक कोणी छापलं?” नर्सबाईंनी विचारलं.

“जुन्या नकाशावरून उतरवलंय, बाई. आम्ही काय कोर्टात आहोत?”

मी म्हटलं, मालकाला विचारा. साहेबांनी फोन लावला, आवाज मोठा केला. मागच्या खोलीत एक भिंत जास्तीची दिसते, असं सांगितलं. मग मालक हळूच म्हणाला, “तिला हात लावू नका. दुसरं गिऱ्हाईक बघा.” आणि फोन ठेवला.

बाईंनी पर्समधला चेक काढला, त्याचे चार तुकडे केले आणि फूटपट्टीच्या हातात दिले. “तू सकाळी आला नसतास, तर यांना मी या भिंतीच्या कडेला झोपवलं असतं,” म्हणाल्या. “मला दुसरं घर शोध. पण मोजून.”

मार्च संपायच्या आत त्यानं शोधलंही. ती त्याची पहिली विक्री. आजही तो घरं विकतो. फक्त एकट्यानं मोजत नाही.

तक्रार का नाही केली, म्हणून मला विचारू नकोस. कशाची करणार होतास? तीन फुटांची? की त्या तीन फुटांत कोण आहे त्याची?

साहेबांना मात्र ते घर विकायचंच होतं. त्यांनी कुलूप लावलं, फूटपट्टीकडून जादा चावी काढून घेतली आणि एका गवंड्याला बोलावलं. नव्या माणसाला, ज्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. “भिंतीत नऊ फुटांची पट्टी अडकलीय. भिंतीलगत काप, वरून पुट्टी भर, रंगाचा हात मार,” एवढंच सांगितलं.

दुपारी तीन वाजता आम्ही ऑफिसात बसलो होतो. साहेब, मी आणि हिशोब मिटवायला आलेला फूटपट्टी. गवंड्याचा फोन आला. साहेबांनी टेबलावरच ठेवून आवाज मोठा केला.

“साहेब, तुम्ही नऊ फूट म्हणाला होतात ना? मी आलो तेव्हा डबी खोलीच्या मधोमध होती. आता भिंतीपासून वीतभर उरलीय. लवकर सांगा, कापू की सोडून देऊ?”